‘स्वच्छ’ची दारोदार कचरासेवा, पुणे : आमच्या ५८ घरांचा सात वर्षांचा हिशेब

आमची सोसायटी वडगाव बुद्रुकला, सिंहगड रस्त्यावरून आत. दोन विंगा, ५८ घरं. मी सहा वर्षं इथली खजिनदार आहे. त्याआधी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत रोखपाल होते, त्यामुळे एखाद्या सेवेबद्दल बोलण्याआधी वही उघडायची सवय आहे. लिफ्टची देखभाल, टाक्या धुणं, झुरळांची फवारणी, इंटरकॉम, कचरा, सगळ्यांची पानं वेगळी आहेत आणि आलेली प्रत्येक तक्रार तारखेसकट लिहिलेली आहे. कचऱ्याच्या पानावर सात वर्षांत एकच तक्रार आहे आणि ती खोटी निघाली. जिन्यात खरकटं सांडल्याची ती तक्रार होती. आम्ही कॅमेरा पाहिला, तर गळकी पिशवी एका सभासदाचीच होती. ते सभासद दुसऱ्या दिवशी स्वतः खाली येऊन ताईंशी बोलले, हेही त्याच पानावर नोंदवलेलं आहे.

आमच्याकडे दोघी येतात. जावा आहेत. मी त्यांना थोरल्या ताई आणि धाकट्या ताई म्हणते, त्या मला काकू म्हणतात. सकाळी आठच्या सुमारास ढकलगाडी पार्किंगमध्ये लागते. धाकट्या ताई वरच्या मजल्यापासून दारं घेत खाली येतात, ओल्याची बादली वेगळी, सुक्याची गोणी वेगळी. थोरल्या ताई खाली वेगळं करायला बसतात. साडेनऊला पार्किंगमध्ये कचऱ्याचा मागमूस नसतो. आमच्या ५८ घरांशिवाय पलीकडच्या दोन इमारती आणि बंगल्यांची एक ओळही त्यांच्याकडेच आहे, सगळी मिळून दोनशेच्या वर घरं.

या सेवेचे पैसे भरताना आपण ते नक्की कुणाला देतो हे ठाऊक असावं, म्हणून थोडं मागचं सांगते. ‘स्वच्छ’ ही कुठल्या ठेकेदाराची कंपनी नाही. स्वच्छ सेवा सहकारी संस्था मर्यादित हे तिचं पूर्ण नाव आणि तिच्या मालक कचरावेचकच आहेत, तीन हजारांहून अधिक, बहुसंख्य बायका. त्याही बहुतांशी दलित समाजातल्या. पूर्वी याच बायका रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत उतरून कागद, काच, पत्रा वेचायच्या. १९९० मध्ये एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यांच्यापर्यंत पोचल्या. हमाल पंचायतीच्या बाबा आढावांची साथ मिळाली आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यांनी पहिली मोठी मागणी केली ती ओळखपत्राची. गोणी घेऊन जाणाऱ्या बाईला कुणीही चोर म्हणून हटकायचं, ते त्या कार्डाने थांबवलं. पुढे याच पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ने २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला आणि कुंडीतला कचरा वेचणारी बाई दारातून कचरा नेणारी झाली.

आमच्या थोरल्या ताईंच्या सासूबाई ७२ च्या दुष्काळात बार्शीकडून पुण्याला आल्या. खडी फोडली, बांधकामावर विटा वाहिल्या, शेवटी गोणी खांद्यावर घेतली. त्यांच्या पाठीवर कुत्रं चावल्याच्या खुणा होत्या, असं ताई सांगतात. सुनेला मात्र गणवेश आहे, ओळखपत्र आहे, आणि आमच्या बिल्डिंगमधली लहान मुलं तिला ‘ताई, टाटा’ म्हणतात.

आता पैशांचं. घरामागे महिन्याला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत. दर महापालिकेबरोबरच्या करारात ठरलेला असतो, ताईंनी मनाने सांगितलेला नसतो. म्हणजे दिवसाला तीन रुपयांच्या आसपास. आमच्याच सोसायटीत गाडी पुसायला महिन्याला पाचशे देतात आणि तिथे कुणी घासाघीस करत नाही. कचऱ्याच्या पैशांत मात्र ‘आम्ही दहा दिवस गावाला होतो, तेवढे कापा’ म्हणणारे निघतात. त्या दहा दिवसांतही ताई येतच होत्या आणि तुमच्या मजल्यावर चढतच होत्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि कापून देत नाही. २०१९ पासून आम्ही ही रक्कम मेंटेनन्समध्येच धरली आणि महिन्याच्या ५ तारखेला एकरकमी देतो. दोनशे दारांवर पैशांसाठी उभं राहायला त्यांना महिन्याचे चार-पाच दिवस लागायचे. तेवढे दिवस आमच्यापुरते तरी वाचले. या सेवेतून पुरेपूर चांगलं काम मिळावं असं वाटणाऱ्या प्रत्येक सोसायटीने पहिली गोष्ट हीच करावी.

दुसरी गोष्ट मालाची, आणि तिच्यावरून आमच्याकडे भांडण झालं. सुका कचरा म्हणजे यांच्या भाषेत माल. पुठ्ठा, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा. पगार हा प्रकार यांना नाही. घराकडून मिळणारे पैसे आणि माल विकून येणारे पैसे, एवढीच त्यांची कमाई. आमच्याकडे पुठ्ठ्याचे खोके पूर्वी वॉचमन बाजूला काढायचा आणि भंगारवाल्याला विकून पैसे सोसायटीच्या खात्यात जमा व्हायचे. २०१९ च्या वार्षिक सभेत मी प्रस्ताव मांडला की हे बंद करून सगळा माल ताईंकडे जावा. एक सभासद उठून म्हणाले, ‘खोके आमचे, पैसेही आमचे.’ मी वही उघडली. आदल्या वर्षी पुठ्ठ्याचे जमा झाले होते ४,२९२ रुपये. घरामागे वर्षाला ७४. एवढ्यासाठी आपण जिच्या हातात रोज आपली घाण देतो, तिच्या हातातला एकमेव विकाऊ माल काढून घ्यायचा का, असं मी विचारलं. मतदान झालं, प्रस्ताव मंजूर झाला, पण नऊ जण विरोधात होते.

त्यानंतर काय बदललं ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एक दुपार दोघींबरोबर पार्किंगमध्ये बसून मी त्यांचा महिन्याचा हिशेब मांडला. त्या महिन्यात थोरल्या ताईंच्या हाती आलेल्या दर शंभर रुपयांतले सत्तावीस मालाचे होते. आणि माल जितका कोरडा, जितका निवडलेला, तितका भाव चढा. खरकटं लागलेल्या पुठ्ठ्याला दुकानदार अर्धा भाव देतो, कधी परतच पाठवतो. म्हणूनच ताई रोज दारात न कंटाळता सांगत राहतात, ‘काकू, पिझ्झ्याचा डबा पेपरात टाकू नका, अख्खी गोणी बाद होती.’ आम्हाला वाटायचं, स्वच्छतेचं प्रबोधन चाललंय. ती तर त्यांची रोजीरोटी होती. ज्या सेवेत काम करणारीचं पोट आणि शहराचं हित एकाच गोणीत आहे, तिथे तिच्यावर नजर ठेवायला मुकादम लागत नाही.

याची उलटी बाजूही आम्ही भोगली आहे. ‘स्वच्छ’च्या आधी तीन वर्षं एका खासगी टेम्पोवाल्याला काम दिलं होतं. त्याला पैसे फेऱ्यांवर मिळायचे, मालावर त्याचा हक्क काही नव्हता. मग तो निवडेल कशाला? ओलं-सुकं सगळं एका पिशवीत, दिवसाआड, कधी तीन दिवसांनी. वरच्या मजल्यापर्यंत वास यायचा. आणि पुण्याचा न निवडलेला कचरा वर्षानुवर्षं कुठे गेला हे कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि शहराला जाग आली.

मालाच्या या कमाईत धोकाही आहे, तोही लिहिला पाहिजे. भाव ताईंच्या हातात नसतो. २००८ च्या शेवटी जगभर मंदी आली तेव्हा पुठ्ठ्याचा भाव कोसळला, गोणी नेऊनही कुणी घेईना, हे त्यांना अजून आठवतं. २०२० च्या टाळेबंदीत तर भंगाराची दुकानंच बंद. आम्ही सगळे दारं लावून आत, आणि या दोघी ओळखपत्र दाखवत, नाक्यावरच्या पोलिसांना समजावत रोज आल्या. कचरा दुप्पट, माल विकायला जागा नाही. आमच्या एका घरात रुग्ण निघाला, त्या घराचा कचराही त्यांनीच नेला. त्या एप्रिलमध्ये कमिटीने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. कमीच होतं ते. आजही तसंच वाटतं.

पैसा हातात कसा टिकला हे मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कदाचित माझ्या नोकरीमुळे. थोरल्या ताईंचं डोरलं आठ वर्षं सावकाराकडे गहाण होतं, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. म्हणजे वर्षाला साठ टक्के. बँकेत बसून मी आयुष्यभर वाहनकर्जं, घरकर्जं पाहिली, पण या बाईला आमच्या काउंटरवर कुणी उभं केलं नसतं, तारण काय आणि उत्पन्नाचा दाखला काय! कचरावेचकांच्या पंचायतीची स्वतःची पतसंस्था आहे. तिथे त्यांचं बचतखातं होतं, त्या बचतीवर कर्ज मिळालं, सावकार मिटला, डोरलं घरी आलं. ज्या दिवशी ते गळ्यात घालून आल्या त्या दिवशी मी चहा केला आणि आम्ही तिघी जिन्यात बसून प्यायलो. थोरलीची मुलगी आता डी. फार्म करते आहे. फी दोन हप्त्यांत भरली, दुसऱ्या हप्त्याची पावती मला दाखवायला आणली होती.

आता वापरणाऱ्यांसाठी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, आणि ते वेगळं द्यायचं. ही पद्धत ‘स्वच्छ’नेच रुजवली. मी अनेक वर्षं ते काळ्या पिशवीत गाठ मारून द्यायचे आणि स्वतःला नीटनेटकी समजायचे. थोरल्या ताई एकदा हळूच म्हणाल्या, ‘काकू, गाठ मारलेली पिशवी मला उघडावीच लागती. आत काय हाय ते हात घातल्यावरच कळतं.’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ठिपका दिसला की हात घालायचा नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी गुंडाळायला पाकीट द्यावं म्हणून या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडच्या पिशव्या गोळा करून कंपन्यांकडेच पाठवल्या होत्या. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत कंपन्यांची ती जबाबदारी लिहिलीही गेली. तरी पाकीट नसेल तर वर्तमानपत्र घ्या आणि लाल पेन बाथरूमच्या खणात ठेवा. आमच्याकडे प्रत्येक घराला एक पेन सोसायटीच्या खर्चाने दिलं, ५८ पेनांना चारशे रुपयेही लागले नाहीत.

फुटलेली काच आणि ब्लेड खोक्यात बंद करून वर लिहून द्यायचं. ओल्याला प्लास्टिकची पिशवी नको, डबाच पुढे करायचा. जुने कपडे, चपला, गाद्या, बंद पडलेला मिक्सर असलं सामान रोजच्या फेरीत देऊ नये. त्यासाठी ‘व्ही कलेक्ट’ नावाने त्यांच्या वेगळ्या मोहिमा असतात. घराचा राडारोडा आणि झाडांची छाटणी रोजच्या कामात बसत नाही, त्यावरून ताईंशी वाद घालू नये.

आणि सोसायट्यांनी एक जागा द्यावी. आम्ही बी विंगच्या जिन्याखालची सहा बाय आठची जागा निवडायला दिली, तिथे नळ दिला, आणि वॉचमनच्या संडासाची एक किल्ली ताईंकडे दिली. सकाळी सहाला घर सोडलेली बाई दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नसे, कारण जायला जागा नव्हती. ही गोष्ट सात वर्षांत पहिली चार वर्षं आमच्या लक्षातच आली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. लिफ्ट वापरू द्यायला काही जणांची हरकत होती. ती आता नाही. ओल्याची भरलेली बादली उचलून चार मजले एकदा उतरून पाहा असं मी म्हटलं होतं. दोघांनी खरंच उतरून पाहिलं आणि पुढच्या सभेत त्यांनीच हात वर केला.

मला एकच काळजी वाटते, आणि ती सेवेबद्दल नाही, कराराबद्दल आहे. महापालिकेबरोबरचा करार मुदतीचा असतो. २०२० च्या अखेरीस तो संपला तेव्हा पुढे काय याची टांगणी बराच काळ होती, आणि या बायकांना मोर्चे काढावे लागले. अशा वेळी आपापल्या भागातल्या नागरिकांनी पत्रं लिहिली पाहिजेत. आमच्या ५८ पैकी ४९ घरांनी सह्या दिल्या. विरोधात मत दिलेल्या नऊपैकी पाच जणांच्या सह्या त्यात होत्या.

तुमच्याकडे अजून ‘स्वच्छ’ येत नसेल तर जवळच्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणी, जाऊन चौकशी करा, तिथे तुमच्या भागातल्या समन्वयकाचं नाव मिळेल. पहिल्या दिवशी कमिटीतल्या कुणीतरी ताईंबरोबर प्रत्येक दारावर फिरावं आणि ओळख करून द्यावी. आमच्याकडे ते झालं नव्हतं. वर्षभर लोक त्यांना ‘ए कचरा’ म्हणून हाक मारत होते.