ओटोनू फॅन्टसी बेसबॉल : बोली एका दिवसाची, पगार अनेक वर्षांचा

फॅन्टसी बेसबॉल, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या काल्पनिक संघाचे ‘मालक’ होऊन त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. तो खेळवणाऱ्या संकेतस्थळांची अमेरिकेत वानवा नाही. परंतु फ्री एजंटवरची (कोणत्याच संघात नसलेल्या खेळाडूवरची) बोली आणि सॅलरी कॅप (पगारांच्या बेरजेवरची मर्यादा) या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या घट्ट गुंतवणारी सेवा ओटोनूखेरीज माझ्या पाहण्यात नाही. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाशी जोडलेल्या या खेळात एका लीगमध्ये 12 संघ असतात, प्रत्येक संघाला 400 डॉलरची काल्पनिक मर्यादा असते आणि तिच्यात 40 खेळाडूंचे पगार बसवावे लागतात. रॉटिसरी या फॅन्टसीच्या रूढ प्रकारातल्या लिलावात 260 डॉलरमध्ये 23 खेळाडू घेतले जातात. म्हणजे येथे सरासरी खेळाडूमागे मिळणारी रक्कम थोडी कमीच आहे, आणि मायनर लीगमधल्या (मुख्य मेजर लीगखालच्या स्पर्धांतल्या) उमेदवार खेळाडूंनाही त्याच चाळीस जागांत सामावून घ्यायचे आहे.

इतर बहुतेक ठिकाणी हंगामातल्या बोलीसाठी वेगळी थैली दिलेली असते. एनएफबीसी (नॅशनल फॅन्टसी बेसबॉल चॅम्पियनशिप) सारख्या स्पर्धांत ती 1000 डॉलरची असते आणि दर रविवारी रात्री बोली उघडल्या जातात. त्या पद्धतीत एकदा खर्च झालेला पैसा संपला, त्याचा पुढे काही हिशेब राहत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये कोणी चार षटकार मारले की मालक थैली रिकामी करून मोकळे होतात. ओटोनूमध्ये अशी वेगळी थैली नाही. ज्या रकमेला खेळाडू मिळतो तोच त्याचा पगार ठरतो, आणि तो खेळाडू संघात असेपर्यंत, पुढच्या हंगामांतही, तो पगार मर्यादेतली जागा अडवून बसतो. माझ्या मते या सेवेचे सारे वेगळेपण या एका नियमात आहे.

लिलावाची पद्धतही विचारपूर्वक निवडलेली आहे. कोणताही मालक कोणत्याही दिवशी एखाद्या फ्री एजंटचा लिलाव सुरू करू शकतो आणि बाकीच्यांना ठरलेल्या मुदतीत आपापली बोली गुप्तपणे नोंदवता येते. आयपीएलच्या लिलावात फलक वर करणारा समोर दिसतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चढवत नेण्याचा डाव खेळता येतो. येथे सारा मामला सीलबंद निविदेचा. मात्र सर्वाधिक बोली लावणाऱ्याला खेळाडू मिळत असला, तरी त्याची किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून ठरते. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये याच तऱ्हेच्या लिलावाची मीमांसा केली होती, आणि लिलावांवरील त्यांच्या या कामाचा वाटा असलेले नोबेल पारितोषिक त्यांना 1996 मध्ये मिळाले. या पद्धतीत स्वतःच्या मनातली खरी किंमत लिहिणे हेच शहाणपणाचे ठरते. समजा, नुकत्याच मेजर लीगमध्ये आलेल्या एका पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) किंमत तुम्ही 14 डॉलर मानता आणि दुसरी सर्वांत मोठी बोली 5 डॉलरची आहे. मग पाचाच्या आसपास त्याचा पगार ठरतो आणि उरलेली रक्कम तुमच्याच मर्यादेत शिल्लक राहते. ‘इतरांपेक्षा एक डॉलर जास्त किती?’ या अंदाजाच्या खेळात रात्र घालवावी लागत नाही.

आता मर्यादेकडे. प्रत्यक्ष मेजर लीग बेसबॉलमध्ये सॅलरी कॅपच नाही. तेथे फक्त एक रेषा आहे, जिच्यापुढे संघाचे एकूण पगार गेले की कर लागतो; 2025 मध्ये ती 24.1 कोटी डॉलरवर होती, आणि कर भरण्याची तयारी असलेला संघ ती खुशाल ओलांडतो. शोहेई ओहतानी या खेळाडूच्या 70 कोटी डॉलरच्या करारातील 68 कोटी नंतर देण्याचे ठरल्यामुळे करासाठी त्याचा वार्षिक आकडा बराच खाली आला, हेही सर्वांना ठाऊक आहे. ओटोनूमध्ये अशा पळवाटा नाहीत. हंगामात खेळाडू सोडला, तर त्याच्या पगाराची निम्मी रक्कम, वरच्या पूर्णांकात, दंड म्हणून तुमच्या मर्यादेतून वजा होते. 15 डॉलरचा खेळाडू सोडलात की 8 डॉलर अडकले. साठ दिवसांच्या जखमी यादीत गेलेला खेळाडू चाळीसातली जागा मोकळी करतो, पगार मात्र मोजला जातोच. हा नियम मला सुरुवातीला जाचक वाटला नाही असे नाही, पण कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या पिचरला वर्षभर सांभाळायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळेच खऱ्या व्यवस्थापकाच्या प्रश्नासारखा होतो.

हंगाम संपला की मेजर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येकाचा पगार 2 डॉलरने आणि न खेळलेल्यांचा 1 डॉलरने वाढतो. म्हणूनच 2023 मध्ये ड्राफ्ट (मेजर लीगच्या संघांकडून नव्या खेळाडूंची निवड) होताच पॉल स्कीन्स या पिचरला स्वस्तात घेणाऱ्याचे फावले : त्या वर्षाअखेरची नियमित वाढ अवघी 1 डॉलर, आणि पुढच्या मे महिन्यात तो पिट्सबर्गकडून मैदानात उतरला. अशा स्वस्त सौद्यांना लगाम म्हणून शरद ऋतूत लवाद होतो. प्रत्येक मालक 25 डॉलर इतर संघांच्या खेळाडूंवर वाटतो, प्रत्येक संघाला किमान 1 आणि कमाल 8, आणि ती रक्कम त्या खेळाडूंच्या पगारात मिळवली जाते. दुसऱ्याचा खर्च वाढवण्याची ही सभ्य सोय फार रंजक आहे. वर्षभरातले मतभेद येथे आकड्यांत उतरतात.

उणिवाही आहेत. संघांच्या आपसातल्या सौद्यांत खेळाडूबरोबर मर्यादेतील रक्कमही हंगामापुरती उसनी देता येते. परिणामी उन्हाळा सरता सरता हरणारे संघ आपली शिल्लक जिंकणाऱ्यांकडे वळवतात आणि 400 डॉलरची रेषा काही संघांपुरती नावालाच उरते. लीगने स्वतःहून या उसनवारीवर बंधन घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय प्रत्येक स्थानाला जास्तीत जास्त 162 सामने आणि पिचिंगला 1500 डाव अशी वेगळी मोजदाद ठेवावी लागते, आणि लिलाव कोणत्याही दिवशी सुरू होत असल्याने आठवड्यातून एकदा डोकावणारा मालक येथे हमखास मागे पडतो. बेसबॉलची चांगली ओळख नसलेल्याने इथूनच श्रीगणेशा करू नये.

दुसऱ्याने सोडलेला संघ घेण्याचा विचार असेल, तर नावाजलेले खेळाडू पाहून भुलू नये. आधी पगारांचे पान उघडावे, लवादानंतर बेरीज किती होईल ते काढावे आणि जे परवडणार नाहीत त्यांना 31 जानेवारीच्या मुदतीपूर्वी सोडावे, कारण तोपर्यंत दंड लागत नाही.