अस्थालिन की टायोट्रोपियम? धाप लागणाऱ्यांसाठी दोन पंपांची तुलना

चिठ्ठीवर दोन पंप लिहिलेले आणि खिशात एकाचेच पैसे, अशा वेळी मेडिकलच्या काउंटरवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "यातला चांगला कुठला?" सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेली आणि जोडीला बिडीची सवय असलेली माणसं तो विचारतात, तेव्हा "कुठलाही घ्या" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दोन्ही औषधं श्वासनलिका सैलच करतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

श्वासनलिकेभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नसेच्या टोकांतून तिथे ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या एम-३ या ग्राहीवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागेवर, बसतं आणि स्नायू आवळतो. बिडीचा धूर, सुताचे बारीक तंतू, चुलीचा धूर आत गेला की ही नस आणखी जोर करते. सैल करणारी सिंपथेटिक नस मात्र माणसाच्या या स्नायूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. स्नायूवरचे बीटा-२ ग्राही रक्तातून येणाऱ्या ॲड्रिनलिनच्या भरवशावर असतात.

अस्थालिनमधलं साल्ब्युटामॉल याच बीटा-२ ग्राहींना जागं करतं. स्नायू नसेमुळे आवळला असो की ॲलर्जीमुळे, ते त्याला सैल करतं. पाचेक मिनिटांत छाती मोकळी वाटते आणि ४ ते ६ तास आराम पडतो. हात थरथरणं, धडधडणं हा त्याचा त्रास. रात्री अचानक धाप लागली तर हाताशी हाच पंप हवा, यात दुमत नाही.

दुसऱ्या गटातली औषधं नसेचा निरोपच अडवतात. त्यातलं जुनं इप्राट्रोपियम. त्याला सुरू व्हायला १५ ते ३० मिनिटं लागतात. शिवाय ते एम-३ बरोबर एम-२ ग्राहीही अडवतं. हा एम-२ नसेच्या टोकावरच असतो आणि ॲसिटिलकोलिन जास्त सुटू लागलं की लगाम घालतो. तोच अडवल्यावर नस आणखी ॲसिटिलकोलिन सोडते. टायोट्रोपियम एम-२ला लवकर सोडतं आणि एम-३ला मात्र तासन्‌तास धरून बसतं, म्हणून दिवसातून एकदाच पुरतं. ते ओढल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि इथेच माणसं फसतात. "याने काही होत नाही" म्हणत बंद करतात.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षानुवर्षांच्या बिडीने सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) झालेल्या माणसाने टायोट्रोपियम सोडून नुसत्या अस्थालिनवर दिवस काढू नयेत. त्या आजारात जो आवळलेपणा औषधाने सुटू शकतो, त्याचा मोठा वाटा व्हेगस नसेचाच असतो. दोन्ही परवडत नसतील तर एक गुपचूप गाळण्यापेक्षा डॉक्टरांना तसं सांगा, स्वस्त पर्याय मागा.

दम्याचं गणित निराळं. तिथे मुळाशी सूज असते, त्यामुळे ओढायचं स्टिरॉइड लागतंच. 'जिना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नका असंच सांगितलं आहे. टायोट्रोपियम तिथे नंतरची जोड म्हणून येतं. जोराचा झटका आला तर दवाखान्यात वाफेच्या मशीनमधून (नेब्युलायझर) साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम एकत्र देतात, कारण दोन वाटांनी सैल केलेला स्नायू जास्त सुटतो.

नस अडवणाऱ्या औषधाने तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. मशीनची वाफ मास्कमधून डोळ्यांत गेली तर काचबिंदू असलेल्यांच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो, तेव्हा मास्क नीट बसवा. आणि टायोट्रोपियमची कॅप्सूल गिळायची नसते. ती यंत्रात घालून, भोक पडल्यावर आतली पूड ओढायची असते. पहिल्यांदा देताना मी हे दोनदा सांगतो.

दम्याच्या माणसाने पंप निवडण्याआधी घरातली बाकीची औषधंही तपासावीत. प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या आणि काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे थेंब हे दोन्ही बीटा ग्राही बंद करतात. डोळ्यात टाकलेला थेंबही रक्तात उतरून छाती आवळू शकतो आणि मग अस्थालिनचाही हवा तसा उपयोग होत नाही. अशा वेळी थेंब मनाने बंद न करता डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगून बदलून घ्यावेत.