कॅम्बरच्या नावाखाली ३,०४० रुपयांना लुटलं

हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती. पण परवा सोसायटीतले एकजण चाकांचे कोन जुळवणाऱ्या (व्हील अलाइनमेंटच्या) त्याच दुकानात गाडी घालायला निघाले, म्हणून लिहितोय.

जुलैत नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ एका खड्ड्यात माझी वॅगनआर जोरात आदळली आणि डावीकडे ओढायला लागली. दोन दिवसांनी आईला तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं, कसारा घाट उतरायचा होता. घाईत होतो, आणि ते मीच दुकानात सांगून बसलो. (घाई आहे हे कधीही बोलू नका.) दुकान चकाचक, मशीन कॅमेऱ्याचं. अलाइनमेंटचे ४०० ठरले. पाच मिनिटांत पोरगा म्हणतो, "काका, दोन्ही कॅम्बर आउट आहेत. असेच घाटात नेलेत तर टायर खाणार." (कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन.) स्क्रीनवर आकडे लालभडक. कॅम्बरचे चाकामागे १,१०० प्रमाणे २,२००, बॅलन्सिंग २४०, नायट्रोजन २००. एकूण ३,०४०, यूपीआयने दिले. हाती आली साध्या कागदाची चिठ्ठी.

आता जे आठवून अजून झोप उडते ते. कॅम्बर काढला (म्हणजे नीट केला) म्हणतात, पण चाक खोललंच नव्हतं. मशीनची खूण चाकावर धरणाऱ्या क्लॅम्पचा पंजा रिमवर तिरका बसला होता. पोरानं तळहातानं एक फटका मारून तो बसवला आणि लाल आकडा हिरवा झाला. माझ्यापासून हातभर अंतरावर! मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. क्लॅम्प तिरका बसल्यानं येणारी चूक काढायला गाडी पुढेमागे ढकलतात (रनआउट), तेही केलं नव्हतं. प्रिंट मागितली तर "प्रिंटर बंद आहे". तिथेच गाडी बाहेर काढायला हवी होती. पण मी बँकेत नोकरी करणारा माणूस. छोट्या गाड्यांत बहुधा पुढचा टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) तेवढा टाय रॉडवर (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर) जुळवतात, आणि कॅम्बर खरंच बिघडला असेल तर आधी चाक धरणारे सस्पेन्शनचे भाग, म्हणजे स्ट्रट, आर्म, वाकलेत का ते बघतात, हे मला कुठून माहीत असणार?

तीन महिन्यांत दोन्ही पुढच्या टायरांची आतल्या कडेला तार दिसायला लागली. सातपूरच्या एका जुन्या मेकॅनिकनं गाडी वर घेऊन टाय रॉडचा लॉकनट दाखवला, टो जुळवायचा तर तो आधी सैल करावाच लागतो. त्यावर पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा सुकलेला, पान्याचा ओरखडाही नाही. म्हणजे टोलासुद्धा कुणी हात लावला नव्हता! दोन टायर ८,२००, खरी अलाइनमेंट ४५०. सगळे मिळून ११,६९० गेले. तुम्ही जाल तेव्हा नटावर आधी खडूची रेघ मारा, म्हणजे तो फिरवला की नाही ते कळेल. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट आपल्या गाडीच्या नंबरासकट घ्या.

दुकानदार म्हणाला, "तीन महिन्यांनी आलात, मध्ये किती खड्डे गेले असतील!" पोलिस चौकीत म्हणाले, मारहाण झाली का? नाही ना, मग हा दिवाणी मामला. दुसऱ्या एका कार्यालयात दोन तास बाकावर बसवून सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर सहा आठवडे "प्रक्रियेत", आणि मग दुकानाकडून उत्तर नाही म्हणून तक्रारच बंद! उत्तर न देणाऱ्याला बक्षीस? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, पक्कं बिल आहे का. अहो, ते दिलं नाही हीच तर तक्रार आहे! पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज लिहून झालाय. यूपीआयची नोंद आणि नटाचा फोटो जोडलाय. दोन्ही टायर गॅलरीत ठेवलेत, भंगारवाल्याला दोनदा परत पाठवलं.