मूत्राशयातला व्रण 'मुळापासून' बरा करणारा, आणि माझे ३०,५५० रुपये

मला मूत्राशयात 'हनर व्रण' आहे, म्हणजे आतल्या अस्तरावरचा सुजलेला, दुखरा चट्टा. आधी ४,८५०. मग 'पूर्ण कोर्स'चे १८,२००. शेवटी 'अस्तर नव्याने तयार करणाऱ्या डोस'चे ७,५००. एवढे पैसे मी एका मोबाइल नंबरवरच्या 'तज्ज्ञा'ला आणि घटकांची यादीसुद्धा नसलेल्या पावडरीला दिले.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे. बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओ, सवलत फक्त आजच, आणि 'ताई, ताई' करत रोज चौकशी करणारा गोडबोल्या. मला अजून जाळतो तो एकच फोन. लघवीचा कल्चर रिपोर्ट पाठवला होता, त्यात जंतू नव्हते. पठ्ठ्या म्हणतो, "रिपोर्ट क्लिअर! व्रण भरत आलाय, ताई." अहो, दुखणं ऐन भरात होतं तेव्हाही माझा कल्चर स्वच्छच येत होता! या आजारात तो बहुतेकदा तसाच येतो, म्हणून तर निदानाला इतका वेळ लागतो. हनर व्रण दिसतो तो सिस्टोस्कोपीत, दुर्बीण आत घालून: लालसर चट्टा आणि त्याच्याकडे धावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. माझ्या डॉक्टरांनी तो कागदावर काढून दाखवला होता. तरी मी फोनवर आनंदाने "हो का?" म्हणाले आणि त्याच संध्याकाळी १८,२०० पाठवले.

शहाणपण शिकवणाऱ्यांनी जरा थांबावं. मूत्राशय थोडं भरलं की ओटीपोटात सुरी फिरते, रिकामं केलं की घटकाभर बरं, की पुन्हा तेच, रात्रभर. अशा वेळी 'कायमचं' हा शब्द कानावर पडला की कोण उलटतपासणी घेतं? खरे डॉक्टर तो शब्द वापरत नाहीत. व्रण जाळतात, नाहीतर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो, पण व्रण परत येतात आणि पुन्हा तेच करावं लागतं. ज्यांच्या नावाने हा व्रण ओळखला जातो त्या अमेरिकी डॉक्टर गाय हनर यांनी १९१५ मध्ये या व्रणांवर लिहिलं, आणि मुळापासून घालवणारं औषध आजही नाही. पावडरीवाल्याकडे मात्र होतं!

सुरुवातीला बरं वाटलं, हेही खरं. त्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता तक्रारीची कथा. बँक म्हणे, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस म्हणे, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? औषधांची तक्रार घेणाऱ्या कार्यालयात बिल मागितलं. बिल देणारा भामटा असतो का? ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच गेले नसते का तिथे! एका साहेबांनी तर "लघवीचा त्रास? पाणी जास्त प्या" म्हणून अर्ज परत सरकवला. बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

'दुर्बीण नको' म्हणणारा दिसला की फोन ठेवा. मूत्राशयाचा कर्करोगही कधीकधी असाच लाल चट्टा दिसतो, त्यासाठी तुकडा काढून तपासतात. पावडर सुरू केली म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करू नका. मी केली होती. पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मागाहून कोणालाच आठवत नाही.

तो नंबर अजून चालू आहे. नाव फक्त बदललंय.