स्टिअरिंग जड पडतंय : मोठा पंप, मोठा बॉक्स, रॅम की फुल हायड्रॉलिक?

खडकांवर चालवायच्या ट्रकला मोठे टायर बसवले, त्यांची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली आणि पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत जाऊन बसलं, की कंपनीच्या पॉवर स्टिअरिंगचा दम संपतो. पंप कण्हायला लागतो, दोन्ही हातांनी ओढलं तरी चाक जागचं हलत नाही. इथे आलेल्या माणसापुढे मुख्यतः चार पर्याय असतात : जास्त क्षमतेचा पंप आणि कुलर, मजबूत स्टिअरिंग बॉक्स (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी), टाय रॉडला (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) हायड्रॉलिक रॅमची, म्हणजे तेलाच्या दाबावर ढकलणाऱ्या सिलिंडरची जोड, किंवा बॉक्सच काढून टाकून फुल हायड्रॉलिक, म्हणजे चाकं फक्त तेलाच्या दाबाने वळवणं. चारही कामं घरी होऊ शकतात, पण प्रत्येक उपाय वेगळ्या दुखण्यावरचा आहे. म्हणून खरेदीआधी दुखणं ओळखा.

ट्रक खडबडीत जमिनीवर उभा करा आणि इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवून स्टिअरिंग फिरवा. जड लागलं तर आरपीएम १५०० पर्यंत नेऊन परत फिरवा. लगेच हलकं झालं, तर आयडलवर पंप पुरेसं तेल देत नाही. काहीच फरक पडला नाही, तर तेल मिळतंय पण जोर अपुरा आहे, किंवा किंगपिन वा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते सांधे) कुठेतरी जाम झालाय. (पुढची चाकं उचला, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवा आणि चाकं हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा, लगेच कळतं.) सुरुवातीला सगळं ठीक आणि अर्ध्या तासाने जड, तर तेल तापतंय. आणि स्टिअरिंग हलकं आहे पण ट्रक रस्त्यावर भरकटतो, तर तो प्ले, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा आहे : टाय रॉड एंड, ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बुश, बॉक्सचे ढिले बोल्ट. अशा वेळी नवा पंप घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पंप आणि बॉक्स यांची तुलना करताना एक फरक डोक्यात पक्का हवा. प्रवाहावर चाक किती झपकन वळेल ते ठरतं, दाबावर किती जोराने वळेल ते. मूळ पंप साधारण मिनिटाला ८ ते ११ लिटर तेल आणि १००० ते १५०० पीएसआय दाब देतात, पण तो आकडा आयडलवरचा नसतो. खडकांवर आपण नेमके आयडलवरच सरकत असतो. त्यामुळे पहिल्या चाचणीत आरपीएम वाढवल्यावर हलकं होणाऱ्या ट्रकला मोठा पंप खरोखर नवं आयुष्य देतो, आणि बॉक्स बदलून त्याचा काहीही फायदा होत नाही. लहान पुली लावून आहे तोच पंप जोरात फिरवता येतो, पण मग हायवेवर तो मर्यादेबाहेर फिरतो, तेलाला फेस येतो आणि पंप लवकर जातो. रिलीफ व्हॉल्व्हखाली (जादा दाब सोडून देणारी झडप) शिम, म्हणजे पातळ चकती घालून दाब वाढवायची युक्ती गेज लावल्याशिवाय करू नका. वाढलेला दाब पहिल्यांदा जुन्या होजला आणि सीलला सापडतो.

कुलरबद्दल माझं मत ठाम आहे : चारपैकी काहीही निवडा, कुलर हवाच. स्टिअरिंग फुल लॉकला, म्हणजे वळण्याच्या शेवटच्या टोकाला दाबून धरलं की सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जातं आणि काही सेकंदांत भराभर तापतं. माझ्या ट्रकला कुलर नव्हता तेव्हा एका खडकाळ ओढ्यात पाऊण तास गेला, आणि बॉनेट उघडलं तर टाकीच्या झाकणातून तेल ओघळून बेल्टवर आलं होतं, जळका वास सुटला होता. रिटर्न लाइनवर छोटा कुलर लावला आणि त्याच ओढ्यात तो प्रकार पुन्हा झाला नाही. तो नेहमी रिटर्न लाइनवरच लावायचा, दाबाच्या लाइनवर कधीच नाही.

मजबूत बॉक्समध्ये पिस्टन मोठा असतो, म्हणजे त्याच दाबात जास्त जोर. पण हा सगळा जोर सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा), पिटमन आर्म (त्या दांड्यावरचा हात) आणि ड्रॅग लिंकमधूनच चाकापर्यंत जातो, आणि त्याची उलटी रेटणी चेसीसवर बसते. बॉक्स बसतो त्या जागी चेसीसला तडा जाणं हे मोठ्या टायरच्या ट्रकचं जुनंच दुखणं आहे. बॉक्स बदलायचाच असेल तर तिथे जाड प्लेट आणि सेक्टर शाफ्टचा ब्रेस त्याच वेळी करून घ्या. पिटमन आर्म पुलरनेच काढा, हातोड्याचे घाव आत बेअरिंगला लागतात. एअरबॅग असलेल्या ट्रकमध्ये कॉलम (स्टिअरिंग व्हीलचा दांडा) सोडवण्याआधी स्टिअरिंग व्हील सरळ करून बांधून ठेवा, कारण ते मोकळं फिरलं तर आतली क्लॉकस्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते.

रॅमचं तसं नाही. बॉक्सला दोन पोर्ट पाडून तिथून होज अ‍ॅक्सलवरच्या सिलिंडरकडे जातात आणि तो थेट टाय रॉड ढकलतो. बॉक्सवरचा आणि चेसीसवरचा ताण लक्षणीय उतरतो. हिशोब करून बघा : १.५ इंच बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे ११.४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० बार (सुमारे १४५० पीएसआय) दाबाला ११५० किलोच्या आसपास जोर. रॉड पाऊण इंचाचा असेल तर खेचताना त्यातला चौथा हिस्सा कमी होतो, म्हणून एका बाजूला किंचित जास्त हलकं लागतं. दोन्ही टोकांना रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये तो फरक राहत नाही, पण त्याला जागा जास्त लागते.

या कामात घाई कराल तिथे फसाल. सिलिंडरचा स्ट्रोक टाय रॉडच्या चालीपेक्षा थोडा जास्त हवा. चाक अ‍ॅक्सलच्या स्टॉपवर टेकलं पाहिजे, सिलिंडरच्या तळावर नव्हे. सिलिंडरचं दुसरं टोक अ‍ॅक्सललाच बांधायचं, चेसीसला बांधलं तर सस्पेन्शन हललं की स्टिअरिंगही हलेल. टाय रॉडवर वेल्डिंग करू नका, क्लॅम्प वापरा. आणि बॉक्सला पोर्ट पाडायचे तर तो पूर्ण खोलून, धुऊन. मी पहिल्यांदा ग्रीस लावलेल्या ड्रिलवर भरवसा ठेवून बॉक्स न खोलता भोक पाडलं. तांदळाच्या कणीएवढा कीस व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकला आणि इंजिन चालू करताच स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरायला लागलं. ट्रक स्टँडवर होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे बॉक्स खोलायचा अनुभव नसेल तर पोर्ट पाडलेला तयार बॉक्स घ्या, हे एवढं काम घरी करू नका. पंप मात्र आधीच कमजोर असेल तर रॅम जोडल्यावर स्टिअरिंग आणखी मंद होईल, कारण तेवढंच तेल आता दोन ठिकाणी वाटलं जातं.

फुल हायड्रॉलिकमध्ये बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक काहीच उरत नाही. ट्रॅक्टरला असतो तसा ऑर्बिटल व्हॉल्व्ह (व्हील फिरवलं की मोजून तेल सोडणारा) कॉलमच्या टोकाला आणि अ‍ॅक्सलवर मोठा सिलिंडर. जोराच्या बाबतीत बाकी तिघांपैकी कुणी याच्या जवळपासही येत नाही, आणि सस्पेन्शनच्या हालचालीने चाक ओढलं जात नाही. जुळवणी आकड्यांवर आहे : सिलिंडरला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४०० सीसी तेल लागत असेल आणि ऑर्बिटल एका फेऱ्याला १६० सीसी देत असेल, तर लॉक टू लॉक अडीच फेरे. सेकंदाला एक फेरा मारायचा तर मिनिटाला ९.६ लिटर तेल हवं, तेही आयडलवर. पण स्टिअरिंग आणि चाकामध्ये फक्त तेल आहे. होज फुटला तर चाक तुमच्या ताब्यात नाही. रॅममध्ये होज फुटला तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, तरी ट्रक बाजूला घेता येतो. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला मी फुल हायड्रॉलिक लावणार नाही, आणि तुम्ही लावायचं ठरवलं तर त्याआधी तुमच्याकडचे वाहन नियम वाचा. ट्रेलरवर लादून नेऊन फक्त खडकांवर चालवायच्या ट्रकसाठी मात्र तोच योग्य.

इलेक्ट्रिक कॉलमबद्दल, म्हणजे पंपाऐवजी कॉलमवरच्या मोटरने जोर देणाऱ्या स्टिअरिंगबद्दल थोडक्यात. मूळचं साधं स्टिअरिंग असलेल्या, पंपाला जागाच नसलेल्या हलक्या गाडीला तो चांगला. मोटर बॉक्सच्या वर बसते, त्यामुळे शाफ्टचे जॉइंट आणि बॉक्स यांच्यावरचा ताण वाढतो. ३५ इंची टायरच्या जड ट्रकला माझ्या मते तो पुरा पडत नाही.

माझा क्रम असा : आधी प्ले काढा, मग कुलर आणि पंप, एक-दोन फेऱ्या मारून बघा, तरी कमी पडलं तर रॅम. बॉक्स फक्त जुना झिजला असेल तरच.

कुठलंही काम केलंत तरी गळती हाताने चाचपू नका. १०० बारला बारीक भोकातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावं लागतं. पुठ्ठा फिरवून बघा. तेल पंपाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा. हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि लॉक टू लॉक वीसेक वेळा सावकाश फिरवा, टाकीतली पातळी सांभाळत. रॅमच्या होजमध्ये हवा बराच वेळ अडकून राहते. इंजिन चालू केल्यावर तेल दुधी दिसलं तर लगेच बंद करा, तासभर तसंच राहू द्या आणि परत पहिल्यापासून फिरवा.