सोनेतारण कर्ज: दादरच्या एका सहकारी बँकेतील सेवेचे परीक्षण

घरात शिल्लक नसताना अचानक मोठा खर्च उभा राहिला, तर मुंबईतल्या साध्या नोकरदार कुटुंबापुढे फार वाटा नसतात. नातेवाइकांपुढे हात पसरावा, मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपकडे वळावे किंवा घरातले सोने तारण ठेवावे. सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले आणि रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी अनामत रक्कम मागितली, तेव्हा आम्ही दादर पश्चिमेच्या एका नागरी सहकारी बँकेतून सोनेतारण कर्ज घेतले. ते आता फिटले आहे. माझा रोख एका शाखेवर नसून एकूण सेवेवर असल्यामुळे बँकेचे नाव येथे देत नाही.

या सेवेतला सर्वांत चांगला भाग म्हणजे सोन्याची पारख. मूल्यांकन करणारे सराफ आमच्यासमोरच बसले. प्रत्येक पाटली त्यांनी कसोटीच्या दगडावर घासली, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडला आणि रेघ कितपत टिकते ते आम्हालाही पाहू दिले. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचे आणि जुन्या पाटल्यांच्या आतल्या लाखेचे वजन किती धरून वजा केले, हे तोंडी सांगून त्यांनी कागदावर एकूण वजन, घट आणि निव्वळ वजन असे तीन वेगळे आकडे लिहिले. दागिने पिशवीत घालून आमच्यादेखत मोहोरबंद केले आणि पिशवीवर आमचीही सही घेतली. ही मेहेरबानी समजू नये. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणाविषयी जे निर्देश काढले आणि जे १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करण्यास सांगितले, त्यांनुसार पारख कर्जदारासमोरच व्हावी लागते आणि वजन, शुद्धता, वजावट व ठरलेली किंमत यांचा दाखला कर्जदाराला द्यावा लागतो. घडणावळ आणि खडे यांची किंमत मात्र धरली जात नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी दिलेल्या रकमेच्या हिशेबाने कर्जाची अपेक्षा ठेवू नये.

कर्ज किती मिळेल, हा प्रश्न घाईच्या वेळी सर्वांत आधी मनात येतो, आणि काउंटरवर त्याचेच उत्तर सर्वांत अपुरे मिळाले. या निर्देशांप्रमाणे घरगुती गरजेसाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. पण मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम भरायचे असेल, तर ही मर्यादा व्याजासह होणाऱ्या एकूण रकमेला लागते. समजा, सोन्याची किंमत दोन लाख ठरली आणि व्याजदर १० टक्के आहे. तर वर्षाअखेर फेडायची रक्कम १,७०,००० च्या आत राहायला हवी, म्हणजे हातात साधारण १,५४,५०० रुपयेच येतील. रुग्णालयात किती रक्कम भरायची आहे हे डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला हा फरक आधी कळणे अत्यंत गरजेचे आहे.

एकरकमी परतफेडीचा पर्याय आम्हाला कोणी समजावून न सांगता अर्जावर आधीच खूण करून दिला होता, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. वर्षभर काहीच भरायचे नाही हे त्या क्षणी सुटकेसारखे वाटते. पण बचत नसलेल्या घरात वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकदम कोठून उभे राहणार? आम्ही आग्रह धरून दरमहा व्याज आणि जमेल तसे मुद्दल भरण्याची सोय करून घेतली. त्यामुळे व्याजही कमी पडले आणि दागिने लिलावाच्या टोकाला गेले नाहीत. कर्जाचे मुख्य तथ्य विवरण, ज्यात वार्षिक दर आणि सर्व शुल्के एकत्र दिलेली असतात, तेही आधी इंग्रजीतच पुढे केले गेले. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. मराठीत मागितल्यावर मिळाले, पण ते मागावे लागू नये.

आणखी एक अडचण वेळेची. बँक दुपारनंतरही उघडी असली, तरी मूल्यांकन करणारे सराफ सकाळीच येतात, म्हणून तारणाचे काम दुपारच्या आत आटोपावे लागते. कर्ज फिटल्यावर दागिने परत मिळायलाही विलंब झाला, कारण तिजोरीची दुसरी किल्ली असलेले अधिकारी रजेवर होते. नियमानुसार फेडीनंतर जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत तारण परत करावे लागते आणि बँकेच्या चुकीने त्याहून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. आमचे दागिने मुदतीत मिळाले. तरी कर्ज फेडून रिकाम्या हाताने घरी परतणे मनाला फार लागते.

इतक्या उणिवा असूनही मी ही सेवा झटपट कर्जाच्या बेकायदा अ‍ॅपपेक्षा कितीतरी वर ठेवीन. तेथे दहा हजार मंजूर होऊन हातात सात-साडेसात हजार येतात, आठवड्याभरात पूर्ण रक्कम मागितली जाते आणि हप्ता चुकला की फोनमधल्या सर्व ओळखीच्यांना धमक्या जातात. नियमात बसणाऱ्या अ‍ॅपला फोनमधील संपर्कयादी उघडण्याची मुभाच नाही. ती परवानगी मागणारे अ‍ॅप तेथेच बंद करावे. पतसंस्थांबाबतही एक फरक ध्यानात ठेवावा: त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, म्हणून वर सांगितलेले नियम तेथे आपोआप लागू होत नाहीत.

सोने काढण्याआधी रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे का, हे तेथील समाजसेवकाला जरूर विचारावे. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर कर्जाची रक्कम बरीच कमी होऊ शकते. बँकेशी वाद झालाच, तर आधी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.