पटर्नोंचा पुतळा परत बसवायचा, की ग्रंथालयावरचं नाव पुरेसं आहे?

दर वर्षी वसंतात अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांकडे विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीची मतपत्रिका येते आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जुना प्रश्न पुन्हा निघतो. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक जो पटर्नो यांचा 2012 मध्ये काढलेला पुतळा परत यावा असं म्हणणाऱ्याला मत द्यायचं का? यंदा नुकतीच पदवी घेतलेल्या दोघांनी मला हे वेगवेगळं विचारलं. त्या दोघांनी पुतळा पाहिलेला नाही, कारण ते तिथे पोचले तेव्हा स्टेडियमबाहेरची ती जागा रिकामी होती. मी 2003 ते 2009 तिथे होतो. पुतळ्यासमोर उभा राहिलोय, ग्रंथालयात तर जवळजवळ राहिलोच, आणि आजवर दोन्ही बाजूंनी मत देऊन झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पटर्नोंचे 46 हंगाम, 409 विजय, 1982 आणि 1986ची अजिंक्यपदं, त्यांचा जुना सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी झालेली अटक, पटर्नोंची हकालपट्टी, मृत्यू हे सगळं तुम्हाला माहीत आहे. फक्त एक क्रम लक्षात ठेवा, कारण वाद घालताना तो हमखास निसटतो. फेब्रुवारी 2001 मध्ये संघातला तरुण साहाय्यक माइक मॅकक्वेरी पटर्नोंच्या घरी गेला आणि सँडस्कीला एका मुलाबरोबर शॉवरमध्ये काय करताना पाहिलं ते त्यांच्या कानावर घातलं. पटर्नोंनी ते क्रीडा संचालकांना कळवलं, पण पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी 324वा सामना जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमात अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना मागे टाकलं आणि नोव्हेंबरात पुतळ्याचं अनावरण झालं. सगळं एकाच वर्षात.

आता पुतळ्याची बाजू. ती हलकी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

साताऱ्याहून गेलेल्या माझ्यासारख्याला तो खेळ कळायलाच दोन हंगाम लागले, पण माणूस त्याच्या आधी कळला. मी पदवीच्या मुलांची प्रयोगशाळा घ्यायचो. फुटबॉल संघातली मुलं वेळेवर यायची, पुढच्या बाकावर बसायची आणि गृहपाठ राहिला तर स्वतःहून येऊन सांगायची. मी एकाला विचारलं, एवढी धास्ती कशाची? तो म्हणाला, तास बुडवला तर कोचना कळतं. खेळाडू आधी विद्यार्थी असला पाहिजे असं बोलणारे पुष्कळ असतात. मी तिथे ते रोज घडताना पाहिलं. बाकीच्या विद्यापीठांत काय चालायचं याचा हिशोब माझ्याकडे नाही, पण माझ्या वर्गापुरतं मी छातीठोकपणे सांगेन.

पुतळा परत मागणाऱ्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे. पटर्नोंवर कधीही गुन्हा दाखल झाला नाही. कायद्याने जेवढं कळवायला हवं होतं तेवढं त्यांनी कळवलं, असं सरकारी वकिलांच्या बाजूनेच सांगितलं गेलं (राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी नैतिक जबाबदारीचा प्रश्न मात्र तेव्हाच काढला होता). विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेले एफबीआयचे माजी प्रमुख फ्रीह यांच्या अहवालाने त्यांच्यावर प्रकरण दडपल्याचा ठपका ठेवला, तर कुटुंबाने नेमलेल्या तज्ज्ञांनी 2013 मध्ये तो अहवाल खोडून काढायचा प्रयत्न केला. महाविद्यालयीन खेळांच्या NCAA या संघटनेने 2012 मध्ये विद्यापीठाला शिक्षा म्हणून काढून घेतलेले पटर्नोंचे 111 विजय 2015 मध्ये परत मिळाले. विजय परत आले तर पुतळा का नाही, असा सरळ हिशोब मांडला जातो. विजय परत येण्याच्याही आधी, 2013 साली, मी त्यांची बाजू घेणाऱ्या उमेदवारांना मतं दिली. शिक्षा भोगताहेत ती तेव्हा शाळेत असलेली आजची मुलं, याचा मला फार राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या बाजूला ग्रंथालय. बाहेरच्यांना वाटतं की तेही पुतळ्यासारखंच नाव देऊन टाकलेलं प्रकरण असेल. तसं नाही. जानेवारी 1983 मध्ये पहिलं अजिंक्यपद ताजं असताना पटर्नो विश्वस्तांपुढे उभे राहिले आणि सत्कार स्वीकारून बसायच्या ऐवजी त्यांनाच सुनावलं, की विद्यापीठ म्हणून आपण अजून पहिल्या क्रमांकाचे नाही, पैसा उभा करा, ग्रंथालय सुधारा. पुढे 1998 मध्ये पटर्नो पतिपत्नींनी विद्यापीठाला पस्तीस लाख डॉलर दिले. ग्रंथालयाच्या विस्तारासाठी देणग्या गोळा करण्यातही ते पुढे होते. 2000 मध्ये जुन्या पॅटी ग्रंथालयाला जोडून नवी इमारत उघडली, ती पटर्नो ग्रंथालय. त्यांनी स्वतः ब्राउन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकून पदवी घेतली होती आणि रोमन कवी व्हर्जिलचं वेड त्यांना जन्मभर होतं. त्यामुळे हे नाव ओढूनताणून लावल्यासारखं कधी वाटलं नाही.

एल्म झाडांच्या त्या लांब रस्त्याच्या टोकाशी असलेल्या इमारतीत माझी चार वर्षं गेली. घरी हीटर धड चालायचा नाही, म्हणून थंडीत रात्री तिथेच बसायचो. आत शिरताना त्यांचं नाव वाचलंय असं मला आठवत नाही. परीक्षेच्या आठवड्यात तिथे जागा मिळवायला धावपळ व्हायची, हे मात्र आठवतं. संध्याकाळी सहाला बॅग ठेवली नाही, तर जमिनीवर बसायची वेळ यायची.

2012 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांना दोन्हींचा निर्णय एकदमच करावा लागला. पुतळा फुटीचं कारण झालाय, त्याने जखमा भरायला अडथळा होतो, म्हणून तो काढतोय, असं ते म्हणाले. ग्रंथालयावरचं नाव राहील, कारण ते विद्यापीठाच्या शैक्षणिक जीवनाला दिलेल्या देणगीचं आहे. 22 जुलैच्या रविवारी सकाळी निळी ताडपत्री लावून पुतळा हलवला. त्या दिवशी पटर्नोंना जाऊन बरोबर सहा महिने झाले होते. तेव्हा मला हा भित्रेपणाचा मधला मार्ग वाटला. एक तर दोन्ही ठेवा, नाही तर दोन्ही काढा. आज माझं मत तसं नाही. ते ज्या गोष्टीमुळे बदललं ती तशी छोटी आहे.

2004 मध्ये मी त्या पुतळ्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला होता. सात फुटांचे ब्राँझचे पटर्नो धावताहेत, उजव्या हाताची तर्जनी वर, म्हणजे आपण पहिले, आणि मागच्या भिंतीवर त्यांच्यामागून मैदानात येणारे खेळाडू. मी फोटो घरी पाठवला. आईला वाटलं हे माझे सर. तिने तो चौकटीत बसवून साताऱ्याच्या बैठकीच्या खोलीत शोकेसवर ठेवला.

नोव्हेंबर 2011 मध्ये शेजारच्या मुलाकडून तिच्या कानावर काहीतरी आलं. तिने फोन केला. "तुझ्या त्या सरांना काढलं म्हणे. काय केलं रे त्यांनी?"

मी म्हणालो, "आई, त्यांनी काही केलं नाही गं."

"मग राहू दे फोटो," ती म्हणाली आणि तिला बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की आरोपही तोच होता. काही केलं नाही. मी बचाव म्हणून वापरलेलं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या विरोधात जात होतं. पटर्नो स्वतःही शेवटी म्हणाले होते, की मागे वळून पाहताना वाटतं, मी आणखी काही करायला हवं होतं. हे मला आईला सांगायचं होतं, पण त्या फोटोबरोबर ते सांगता येत नव्हतं. फोटो राहिला.

मग 2015 मध्ये सुट्टीला घरी गेलो. बहिणीचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने फोटो पाहिला आणि तर्जनी वर करून तशीच धावायची नक्कल केली. "मामा, हे कोण? ग्रेट होते का?" खोलीत सगळे कौतुकाने हसत होते. सँडस्कीने ज्यांचं वाटोळं केलं त्यांतली कित्येक मुलं साधारण याच वयाची होती. मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि रात्री सगळे झोपल्यावर फोटो उतरवला.

माझी अडचण एवढीच आहे. तो पुतळा ज्या क्षणाचा आहे त्यात "पण" म्हणायला जागाच नाही. समोर उभा राहिलेला माणूस एक तर बोट वर करतो, नाही तर तोंड फिरवतो. लहान मूल पहिलंच करणार. तिथे फलक लावा, दोन्ही बाजू लिहा, असं सुचवणारे आहेत. फलक कोण वाचतं, हे मी 2004 मध्ये स्वतःवरून पाहिलंय. मी फक्त फोटो काढला होता.

कुणी म्हणेल, मग पुतळे हयातीत उभारू नयेत, एवढाच धडा घ्या. तेही पुरेसं वाटत नाही. मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक बो शेंबेकलर 2006 मध्ये गेले आणि पुतळा 2014 मध्ये बसला. खेळाडूंवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या तिथल्या डॉक्टर अँडरसनचं प्रकरण तरीही त्यानंतरच बाहेर आलं, आणि शेंबेकलर यांच्याच मुलाने 2021 मध्ये सांगितलं, की मी वडिलांना कळवलं होतं. तो पुतळा अजून उभा आहे. तिथल्या लोकांचं त्याबद्दल काय मत असावं हे मी बाहेरून सांगणं बरं नाही. पण थांबून बसवलेला पुतळाही आमच्या पुतळ्याच्याच जागी येऊन पोचला, एवढं दिसतं.

ग्रंथालयाविरुद्धचा सगळ्यात टोकदार आक्षेपही सांगतो. अत्याचार सोसलेल्यांच्या बाजूने बोलणारे काही जण म्हणतात, नाव म्हणजे नावच, ते भिंतीवर असो की चौथऱ्यावर. ज्याला त्या नावाचा त्रास होतो त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री तिथेच बसावं लागतं. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. उद्या त्यांच्यापैकी कुणी विद्यार्थी म्हणून येऊन म्हणाला, की मला या दारातून जाववत नाही, तर मी नावासाठी भांडणार नाही. आज मात्र मला ते नाव राहावंसं वाटतं. ते त्यांच्या विजयासाठी नाही, त्यांनी दिलेल्या वस्तूसाठी आहे, आणि ती वस्तू रोज वापरात आहे.

तिसरा पर्याय म्हणून मैदानाला पटर्नोंचं नाव देण्याची चर्चाही मधे होती. 2025 मध्ये आमच्या बीव्हर स्टेडियमच्या मैदानाला एका कंपनीचं नाव मिळालं, त्यामुळे तो विषय तूर्त बाजूला पडलाय.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्या मनात खेळाडूंच्या त्या पिढ्या असतील, 2012च्या सरसकट शिक्षेचा राग असेल आणि तो कुठेतरी दिसावा असं वाटत असेल, तर पुतळ्याच्या बाजूने मत देणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. मी दिलंय ते मत. आता देत नाही. ज्या उमेदवाराच्या पत्रकात पुतळ्याचा शब्द आहे त्याला मी वगळतो, आणि ग्रंथालयाच्या निधीबद्दल बोलणारा सापडला तर आधी त्याला मत देतो. अशी माणसं यादीत कमी असतात, म्हणून सगळी पत्रकं शेवटपर्यंत वाचा.

2017 मध्ये आई अमेरिकेत आली होती. मी तिला विद्यापीठाच्या गावी, स्टेट कॉलेजला नेलं. विद्यापीठाच्या क्रीमरीत आइस्क्रीम खाल्लं, तिथे पटर्नोंच्या नावाचं पीचचं आइस्क्रीम अजून मिळतं. स्टेडियमकडे गेलो नाही, ग्रंथालयात गेलो. दारावरचं नाव तिने सावकाश लावून वाचलं आणि विचारलं, "हे ते फोटोतलेच ना?"

"तेच."

खिडकीजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही बसलो, आणि मी तिला 2001 पासून सगळं सांगितलं. मॅकक्वेरीबद्दल, मुलांबद्दल, 1983च्या त्या भाषणाबद्दल, माझ्या वर्गातल्या पुढच्या बाकाबद्दलही. तास-सव्वा तास लागला. मधे ती दोनदा म्हणाली, "आणि त्यांना माहीत होतं?" दोन्ही वेळा मला थांबून नीट उत्तर द्यावं लागलं.